जबाबातून गाळलेली ओळ

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. कापसानं माणसं रडवलेली ती वर्षं. विष घेतल्याच्या खबरा इतक्या यायच्या की आमचा रायटर मर्गच्या, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या, कागदावर कारणाच्या रकान्यात 'विषप्राशन' आधीच लिहून ठेवायचा. मी त्याला कधी हटकलं नाही.

एका सकाळी बंजारा तांड्यावरून एक शेजारी खबर घेऊन आला. म्हातारी रक्ताच्या उलट्या होऊन मेली, सुनेनं काहीतरी पाजलं. सासू-सुनेचं पटत नव्हतं, हे तांड्याला ठाऊक होतं. पंचनाम्यात घरात फवारणीच्या विषाचा डबा सापडला. तसा तो कोणाच्या घरात नव्हता? पण मला तेवढं पुरलं.

सुनेला ठाण्यात आणलं. महिला शिपायासमोर बसवून दोन दिवस एकच प्रश्न विचारत राहिलो. तीही एकच सांगायची.

"साहेब, म्या काही नाही देलं. गुडघे दुखत व्हते म्हून मीच तिले दवाखान्यात नेलतं. डॉक्टरनं कम्प्युटरवर गोळ्या लिवल्या तं लाल चौकट आली. म्या इचारलं, हे काय व्हय? त्यायनं बटन दाबून काढून टाकली."

रायटरनं विचारलं, "साहेब, हे लिहू?"

"कायले? उद्या म्हणेल टीव्हीत दिसलं. पुढं चल."

अटक व्हिसेऱ्याच्या अहवालापर्यंत थांबवली. नवरा थांबला नाही. त्यानं तिला महागावकडं माहेरी धाडलं आणि दोन वर्षांची मुलगी ठेवून घेतली.

अहवाल आला, विष नाही. तेव्हा कुठं मी त्या खाजगी दवाखान्यात गेलो आणि म्हातारीची नोंद काढायला लावली. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी तिला तिथूनच चालू होती. तिच्यासोबत गुडघ्याची ही गोळी दिल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो, असं यंत्रानं लाल चौकटीत बजावलं होतं. चौकट कधी आली, कधी बंद केली, तेही नोंदलेलं होतं.

"दर दुसऱ्या पेशंटला येते हो ती," डॉक्टर म्हणाले. "बाहेर एवढी रांग. वाचत कोण बसतं?"

त्यांच्यावर डाफरावंसं वाटलं, पण कोणत्या तोंडानं बोलणार होतो? कागद वरिष्ठांकडं पाठवले. डॉक्टरांची चौकशी पुढं वेगळी झाली.

सुनेच्या माहेरी जाऊन तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही, चिडलीही नाही.

"मंग तांड्यात या न साहेब. पंचायतीत नायकासमोर तुमच्या तोंडानं सांगा. पोरगी देतीन ते."

येतो म्हणालो, आणि गेलो नाही. वर्दीतल्या माणसानं चारचौघांत 'मी चुकलो' म्हणायचं, हे जड गेलं. जमादाराहाती तांड्यावर तसा कागद पाठवला. तो ऐकून नवरा म्हणाला, "खरं असतं तं साहेब खुद आले असते."

पुढं माझी बदली झाली. समोरचा माणूस जे पुन्हापुन्हा सांगतो ते पटो न पटो, आधी लिहून घ्यायचं, हे मी नंतरच्या प्रत्येक ठाण्यात रायटरला बजावलं. त्यावरून शिस्तीचा अधिकारी म्हणून माझं नावही झालं. त्या पोरीला तिची आई परत मिळाली का, हे विचारायची हिंमत मात्र मला निवृत्तीपर्यंत झाली नाही.