सांताक्लॉज आमचा व्याही

सुरतच्या लिंबायतमधल्या आमच्या खोलीत दिवसाउजेडी कुणीतरी कायम झोपलेलं असायचं. वडील कापडाच्या लूमवर रात्रपाळी करून यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. आम्ही भावंडं कुजबुजत भांडायचो. तशी कुजबुजायची गरज नव्हती, लूमच्या खडखडाटानं वडिलांचे कान कधीच गेले होते. पण आईचा नियम होता. ती उरलेल्या जागेत व्यापाऱ्याच्या साड्या पसरून त्यांच्यावर चमचमते स्टोन चिकटवायची. एका साडीला गोंदाचा डाग पडला की आठवडाभराचं काम वाया. म्हणून आम्ही घरात मांजरासारखे पाय उचलून चालायचो. ज्या वर्षी वडिलांचा कारखाना बंद पडला, त्या वर्षी घर निव्वळ त्या स्टोनवर चाललं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा, सकाळीही तेच आणि संध्याकाळीही. आईची बोटं गोंदानं इतकी टणक झाली होती की गरम तवा ती फडक्याशिवाय उचलायची.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले. पुढे इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, मग बी.एड. आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घराण्यांत कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

तोवर आम्ही सुरतेतच गोडादऱ्याला राहायला आलो होतो. मला पलसाण्याच्या रस्त्यावरच्या एका इंग्रजी शाळेत नोकरी लागली, पण कच्ची. नाताळपर्यंत काम बघू, मग कायम करायचं की नाही ते ठरवू, असं प्रिन्सिपल मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. दिवाळीनंतर त्या माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसल्या. तास संपल्यावर म्हणाल्या, "तुम्हारी इंग्लिश सही है, पर किताब जैसी है. बच्चे लिखते हैं, बोलते नहीं."

खरंच होतं ते. माझं इंग्रजी पुस्तकातूनच आलेलं होतं. दुसरीकडून कुठून येणार?

त्या शाळेत नाताळची एक गंमत चालायची. प्रत्येक वर्गानं एक जुनं, गाजलेलं इंग्रजी रॉक किंवा पॉप गाणं घ्यायचं, त्याची चाल ठेवायची आणि शब्द बदलून नाताळचं विडंबन करायचं. ही प्रथा संगीताच्या सरांनी सुरू केलेली. ते ख्रिस्ती, गिटार वाजवायचे, पांढऱ्या केसांची शेपटी बांधायचे. बाकीच्या शिक्षिकांनी ती गाणी लहानपणी घरात ऐकलेली. स्टाफरूममध्ये एकीनं ओळ सुरू केली की दुसरी पूर्ण करायची. मी चहा पीत बसायचे. माझ्या लहानपणी घरात आवाज होता तो गल्लीतल्या लूमचा.

सहावीचं गाणं माझ्याकडे आलं. सरांनी मोबाइलवर एक दणदणीत रॉक गाणं पाठवलं. त्याच्या धृपदाच्या शेवटी ड्रम दोनदा आपटायचा आणि सगळ्यांनी मिळून ओरडायचं. शटल रिक्षात मांडी आखडून मी ते इतक्यांदा ऐकलं की रिक्षावाला म्हणाला, "बेन, हवे तो मनेय आवडी गयुं." त्यालाही पाठ झालं होतं.

मी शब्द लिहिले. येशूचा जन्म, गोठा, तारा, मेंढपाळ. व्याकरण चोख. मुलांनी ते गायलं तेव्हा वर्गात कुणाचं तरी दहावं चालू असल्यासारखं वाटलं.

सरांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. "बेन, ये तो प्रार्थना हो गई."

"सर, दुसऱ्याच्या देवाची थट्टा कशी करायची मी?"

"देवाची नकोच. येशूला हात लावू नका. सांता आपलाच म्हातारा आहे, त्याला काय हवं ते करा."

परवानगी मिळाली, पण सुचेना. नाताळ तोंडावर आला. स्टाफरूममध्ये माझ्याशी बोलताना सगळ्या जरा जास्तच गोड बोलायला लागल्या. जाणाऱ्या माणसाशी बोलतात तसं.

तशातच एका रविवारी आमच्या सोसायटीतल्या एका मुलीची हळद होती. मंडपात विहिणीकडच्या बायका जेवायला बसल्या आणि आईनं आपला चमू गोळा केला. आमच्याकडे विहिणीला गाण्यातून चिडवायची रीत आहे. चाल सिनेमातली, शब्द जागच्या जागी जोडलेले. विहिणीनं बुंदीचे लाडू पदरात कसे लपवले, तिचा भाऊ रेल्वेत फुकट कसा आला, असं काहीबाही. विहीण हसून हसून ठसकत होती. पण नवऱ्या मुलाच्या आत्यानं ताट पुढे सारलं.

"आमनं कोनी नावच लिधं नही," ती शेजारणीला म्हणाली. आमचं कुणी नावच घेतलं नाही.

आईनं ते ऐकलं. टाळीचा ठेका न मोडता तिनं आत्याच्या जाडजूड नथीवर एक ओळ जोडली. नथीच्या भारानं मान वाकली, म्हणून मान मिळाला, अशी काहीतरी. आत्यानं ताट पुन्हा ओढून घेतलं.

घरी आल्यावर मी आईला मोबाइलवर ते रॉक गाणं ऐकवलं आणि सांताचा फोटो दाखवला.

"हाऊ बाबा कोन शे?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. वर्षातून एकदा येतो. दारातून येत नाही, धुराड्यातून उतरतो. घरच्यांना न भेटता जातो. तरी सगळे त्याची वाट बघतात.

"माय वं! मंग तो याहीच शे ना!" आई म्हणाली. याही म्हणजे व्याही, गाण्यात चिडवायचा हक्काचा माणूस. ती एवढं बोलली आणि कुकर लावायला उठली.

मी वही घेतली. धुराडं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच धुराडं होतं, पलसाण्याच्या रंगाईच्या मिलचं. ते रोज शाळेच्या खिडकीतून दिसायचं आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील कुठल्या ना कुठल्या मिलशी बांधलेले. मग सांता त्या धुराड्यातून उतरला आणि हिरव्या रंगाच्या हौदात पडला. लाल कोट घालून आला होता, पोपटी होऊन निघाला. सुरतच्या उकाड्यात कोट घालतो म्हणून त्याला घामोळं आलं. त्याच्या हरणानं दुकानदाराचा वाफाळता डाळीचा लोचो खाल्ला. इंग्रजी शब्द साधेच होते, मुलं मैदानावर वापरतील असे. ड्रमच्या दोन दणक्यांवर "हिरवा!" असं इंग्रजीत ओरडायचं.

तालमीत मुलं बाकांवर चढली. एका मुलानं आपणहून ओळ बदलून आणली, दुसऱ्यानं त्यात भर घातली. माझ्या तासाला ती पहिल्यांदाच इंग्रजीत भांडली.

शेवटचं कडवं मी मॅडमवर केलं. सांता शाळेच्या फाटकाशी पोचतो. मॅडम घड्याळ बघतात. उशीर झालाय, टाय नाही, ओळखपत्र नाही. त्याला लेटवाल्या मुलांबरोबर लिंबाखाली उभा करतात. हे आमच्या शाळेत रोज घडायचं. शेवटच्या दोन दणक्यांवर मुलांनी मॅडमचं नाव ओरडायचं होतं.

सरांनी ते ऐकून कपाळावर हात मारला. "बेन, ये काट दो. जनवरी में आपका फैसला है."

पण मला ते कापता येईना. मंडपातली सगळ्यात मानाची बाई गाण्यात नको? माझ्या डोक्यात ते बसतच नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मोठी बाईनं नाव नही लिधं, ते ती रुसी ना!" मोठ्या बाईचं नाव घेतलं नाही तर ती रुसणारच. मी कडवं ठेवलं.

कार्यक्रमाला पुढे सोफ्यावर ट्रस्टी, मध्ये मॅडम. पोपटी सांता आला तेव्हा पालकांनी शिट्ट्या मारल्या. मग फाटकाचं कडवं आलं. दण, दण, आणि चाळीसएक पोरांनी मॅडमचं नाव घेतलं. ट्रस्टी हसावं की नाही ते ठरवायला मॅडमकडे बघत होते. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हसल्या नाहीत. सातवीचं गाणं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलावणं आलं.

"मेरा ही नाम क्यों?" त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

मी उभ्यानंच सांगितलं. हळद, विहीण, ताट सारणारी आत्या, फाटकाचं कडवं, सगळं. "मॅडम, हमारे यहाँ जिसका मान सबसे बड़ा, उसी को गाने में छेड़ते हैं. जिसको छोड़ दिया, वो बुरा मानती है."

"और जिसका नाम लिया, वो क्या करती है?"

"जवाब देती है, मॅडम. गाकर."

"मुझे गाना नहीं आता." त्या खिडकीकडे बघायला लागल्या. "सुबह से गेट पर बच्चे मुझे वही गाना सुना रहे हैं. जो लड़का कभी मुँह नहीं खोलता, उसने पूछा, वो भी इंग्लिश में, कि मॅडम, सांता को अंदर लिया या नहीं?"

"आपने क्या कहा?"

"कहा, कल टाइम पे आया तो लूँगी."

मला हसू आवरेना. त्यांच्याही ओठांचा एक कोपरा हलला. मग आवाज पुन्हा कडक झाला. "अगली बार मुझे पहले दिखाना. और ट्रस्टी साहब का भी एक कडवं डालना. कल से दो बार पूछ चुके हैं कि उनका क्यों नहीं था."

कडवं हा शब्द त्यांनी मराठीच वापरला. नुकताच माझ्याकडून ऐकलेला.

मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी मागून सांगितलं, "जनवरी से छठी और सातवीं, दोनों की इंग्लिश तुम लोगी."

जानेवारीत मी त्या शाळेत इंग्रजीची कायम शिक्षिका झाले. आमच्या दोन्ही घराण्यांत पक्की नोकरी मिळवलेली मी पहिली.