मासिकातल्या बायकांची पाठ

माझ्या आईने आयुष्यभर मासिकांतले फोटो बघून कपडे शिवले, आणि मासिकातल्या एकाही बाईची पाठ तिने कधी पाहिली नव्हती. आज हे वाक्य मी हसत हसत लिहिते आहे. पण भाचीच्या लग्नाच्या वेळी याच पाठीपायी आमच्या घरात काही दिवस कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

आमचं गाव मालवणहून देवगडकडे जाताना समुद्राच्या बाजूला वळलं की लागतं. इगर्जीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मागे ख्रिस्ती वाडी आणि त्या वाडीत आमचं घर. पडवीत आईचं पायाने चालवायचं मशीन आणि मशीनमागे मासिकांनी भरलेला पेटारा. आईचे काका बोटीवर खानसामा होते. मडमांनी चाळून टाकून दिलेली मासिकं ते गादीखाली घालून घरी आणायचे. काही अंक त्यांच्याही आधीच्या कोणीतरी आणलेले, त्यांच्या पानाला हात लावला की कोपरा हातात येतो. पुढे कोणी आखातातून आणली, कोणी मुंबईत ज्या घरी आया म्हणून राहिली तिथल्या रद्दीतून उचलली. होता होता जवळजवळ शंभर वर्षांची फॅशन आमच्या पडवीत जमली. तिच्यातलं एक अक्षरही आईने वाचलेलं नाही. तिला फक्त फोटोंशी कर्तव्य.

मी शाळेत शिकवते. शिवणातलं मला बटण लावण्यापलीकडे काही येत नाही, पण त्या पेटाऱ्यातल्या बायका मला तोंडपाठ आहेत. सगळ्यांत जुन्या अंकांच्या मुखपृष्ठावर हाताने काढलेलं चित्र असायचं आणि आत कुठेतरी करड्या रंगाचे फोटो. त्यातल्या बायका खांबाला टेकून, हनुवटी वर करून उभ्या. कॅमेरा भला मोठा, फोटो निघायला वेळ लागणार, म्हणून हलायची सोय नाही. आई म्हणायची, "हेंका कोणीतरी ओरडलेलां आसा." त्यानंतर युद्ध आलं. कापड कमी पडलं तसे घेर आवळले, खांदे शिपायासारखे ताठ झाले आणि बायका पडक्या भिंतींपुढे हातमोजे घालून उभ्या राहिल्या. युद्ध संपलं आणि कापडाचा एकदम सुकाळ झाला. कंबर मुठीत मावेल एवढी आणि खाली घेर असा, की आमच्या पडवीच्या दारातून आत यायला आडवं व्हावं लागेल.

मला सगळ्यांत लाडकी होती ती त्यापुढची मासिकं. कॅमेरा लहान झाला, कोणाच्याही हातात मावायला लागला, आणि बायका खोलीतून सुटून रस्त्यावर आल्या. धावताहेत, डबक्यावरून उड्या मारताहेत, छत्री उलटी झाली तरी हसताहेत. मग रंग आला आणि त्या रंगासोबत स्कर्ट गुडघ्याच्या वर गेले. आमच्या वाडीतल्या मुलींनी ते फोटो आईला दाखवून तसेच्या तसे शिवून घेतले, रविवारी मिसेला, म्हणजे इगर्जीतल्या प्रार्थनेला, घालून गेल्या, आणि फादरांनी त्या दिवशीचं सगळं प्रवचन गुडघ्यांवर दिलं. सोमवारी त्याच मुली त्याच झग्यांना खालून झालर लावायला रांगेत उभ्या. आई सांगायची, तो आठवडा तिच्या धंद्याचा सोन्याचा आठवडा होता.

त्यानंतर पंख्याच्या वाऱ्यावर केस उडवणाऱ्या आल्या, उशा भरल्यासारखे खांदे घेऊन. त्यांच्यामागून अगदीच काटकुळ्या मुली आल्या, न आवरलेल्या खाटेशेजारी जमिनीवर बसलेल्या, डोळ्यांखाली काळं. आईला त्यांची फार काळजी वाटायची. "ह्यां चेडू दुखण्यातसून उठलां काय गो? हेका कोणी पेज तरी दिल्यानी?" आणि शेवटी आल्या त्या कॉम्प्युटरने इस्त्री केलेल्या, ज्यांच्या कोपरालासुद्धा सुरकुती नाही. त्यांची पानं आई नुसती उलटायची.

या सगळ्या बायका समोरून. पाठ कोणाचीच नाही. आता गंमत बघा. इगर्जीत नवरी वेदीकडे तोंड करून उभी राहते आणि सगळा गाव तिच्या मागे बसतो. अख्खी मिसा होईपर्यंत लोक बघतात ते तिची पाठ. म्हणजे मासिक जे दाखवत नाही, नेमकं तेच गावाला दिसणार. म्हणून पाठ आई स्वतःच्या मनाने रचायची. पाठीला मधोमध उभी चीर, तिच्या दोन्ही कडांना काजं, काजांतून ओवलेली रेशमी नाडी आणि आतून चुण्यांची पट्टी. नाडी ओढली की मडमेची कंबर, सैल केली की डुकराच्या मटणाचं सोरपोतेल आणि वडे खाऊन वर नाचायची मुभा. लोकांना वाटायचं ही विलायतेची रीत, म्हणून तिला नावच पडलं 'बोटीची पाठ'. वेंगुर्ल्यापासून देवगडापर्यंत आमच्या बायका बोटीची पाठ घालून मिरवल्या. पुढून पॅरिस आणि मागून माझी आई.

आता भाची. माझ्या बहिणीची मुलगी, मुंबईत नोकरी करते, आणि तोंडाने आमच्या सगळ्यांच्या वर. तिचं लग्न ठरलं तसा साडोचा विषय निघाला. आमच्यात नवरी इगर्जीत पांढरा झगा घालते आणि दुसऱ्या दिवशी माहेरी येते ती साडो, म्हणजे लाल झगा, घालून. हा साडो लग्नाआधी नवरीच्या घरी, सगळ्या नातेवाइकांसमोर कापायचा असतो. कापडाला कात्री लागली की बाहेर फटाके लावतात. आमच्या घराण्यातल्या प्रत्येक मुलीचा साडो आईने कापलेला. माझाही.

भाचीने एक मासिक आईच्या पुढ्यात ठेवलं. लाल झगा. अंगाला कातडीसारखा बसलेला, कुठे शिवण नाही, टक्स नाही, बटण नाही, आणि मागे कापडाचा लांब सोगा हवेत आपोआप उडतो आहे.

"आजये, माका अगदी असोच होयो," भाची म्हणाली. "आणि ती तुजी बोटीची पाठ नको. फोटोत नाडी खंय आसा?"

आईने भिंग लावून तो फोटो बघितला. उलटा करून बघितला. अंगणात नेऊन उन्हात बघितला. रात्री जेवताना तिने अचानक विचारलं, "पण ह्यां चेडू आत शिरलां खंयसून?"

पुढचे काही दिवस आईला दुसरा विषयच नव्हता. जुन्या चादरीवर तिने तो झगा दोनदा कापून बघितला. पहिला माझ्या डोक्यातून खाली उतरेना आणि दुसरा उतरला तो परत वर निघेना, मला त्यातून कापून काढावं लागलं. मी हसून लोळायच्या बेतात होते, पण आईच्या डोळ्यांत पाणी बघून चादरीचे तुकडे गोळा करायला लागले. जे मला समजत नाही ते मी कापणार नाही, असं तिने सांगून टाकलं. भाचीही हट्टाला पेटली. आजीला जमत नसेल तर मी मुंबईहून तयार मागवते, म्हणाली. बहीण तिच्यावर चिडली, मी बहिणीवर चिडले. रविवारी साडो कापायला पाहुणे येणार होते. आणि आईच्या हातचा साडो न घालता जाणारी आमच्या घरातली ती पहिली मुलगी ठरणार, हे दिसत होतं.

अशात शेजारची होमस्टेवाली सांगत आली, की कुणकेश्वरच्या अलीकडच्या किनाऱ्यावर मुंबईची कोणी मासिकवाली मंडळी आली आहेत, नटवलेली मुलगी आहे, छत्र्या आहेत, आरसे आहेत. आईने कात्री खाली ठेवली. "माका थंय व्हर," ती म्हणाली. मी रिक्षा बोलावली. भाची पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली.

किनाऱ्यावर खडकाजवळ निळ्या झग्यात एक उंच मुलगी उभी होती. समोरून बघाल तर तोच चमत्कार: कंबर मुठीत, शिवण नाही, सोगा हवेत. फोटोवाला ओरडत होता, बाकीची माणसं चांदीच्या कागदाच्या फळ्या धरून उभी होती. आईने कोणाला काही विचारलं नाही. वाळूतून तुरुतुरु चालत वळसा घालून ती त्या मुलीच्या मागे गेली आणि थांबली.

मग तिने वाळूत बसकण मारली. मला वाटलं चक्कर आली. मी आणि भाची धावलो. आई हसत होती. आवाज फुटत नव्हता, नुसती गदगदत होती, आणि बोटाने दाखवत होती.

झग्याला पाठच नव्हती. म्हणजे झगा त्या मुलीच्या अंगावर दुप्पट मोठा होता, मागून उभा चिरलेला, आणि उरलेलं सगळं कापड मागे मुठीत गोळा करून मानेपासून कमरेखालपर्यंत चिमटे लावलेले. आमच्या दोरीवर असतात तसलेच, लोखंडी आणि प्लॅस्टिकचे, लाल, हिरवे, एक पिवळा. त्यांच्या खाली एक मिशीवाला जाडा गृहस्थ ओल्या वाळूत पालथा पडून होता. फोटोवाल्याने हाक दिली की तो सोगा वर भिरकवायचा आणि गडगडत बाजूला व्हायचा.

"चिमटे," आई शेवटी म्हणाली. "अगो, चिमटे!"

भाचीकडे मी बघितलं. तिने तोंडावर दोन्ही हात दाबून धरले होते, पण खांदे हलत होते. मग तिचाही बांध फुटला. आम्ही तिघी वाळूत बसून इतक्या हसलो की फोटोवाल्याने आम्हाला हाकलायला माणूस पाठवला. तो येईपर्यंत आईने त्या मुलीची चौकशी सुरू केली होती. जेवलीस का, म्हणून हिंदीत विचारलं. मुलगी म्हणाली, झगा उतरेपर्यंत बसताही येत नाही, चिमटे सुटतात. आईने तिच्या हातात पिशवीतली केळ्यांची फणी दिली आणि तिने उभ्याउभ्या दोन केळी खाल्ली.

घरी येऊन आईने पेटारा उपसला. सगळी पडवी मासिकांनी भरली. खांबाला टेकलेली, खांदे ताठ केलेली, घेरवाली, सगळ्या ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीपुढे भिंग धरून आई विचारी, "तुका किती चिमटे गो?" उडी मारणाऱ्या बाईपाशी ती थोडी थांबली. उडी मारताना चिमटे कसे राहिले असतील, यावर तिचा आणि भाचीचा कडाक्याचा वाद झाला. आमच्या वाडीतल्या बायका तो वाद ऐकायला आल्या आणि त्यांनाही हसण्याची लागण झाली. एकीने स्वतःच्या लग्नाचा झगा आणून बोटीची पाठ सगळ्यांना दाखवली. तेव्हा आईने सांगून टाकलं, की इतकी वर्षं जी विलायती म्हणून मिरवली, ती रीत मुळात आमच्या पडवीतली. ही बातमी बायकांना फारच आवडली.

सगळ्या गेल्यावर भाची आईच्या शेजारी जाऊन बसली. "आजये, बोटीचीच पाठ घाल," ती म्हणाली. आई म्हणाली, "बघतंय." पण तिने भिंग पुसून डब्यात ठेवलं, त्यावरून ती राजी झाल्याचं मला कळलं.

रविवारी घर भरलं. चौरंगावर लाल रेशीम पसरलं, फादरांनी आशीर्वाद दिला, आईने खडूने खुणा केल्या आणि कात्री उचलली. ती गळ्यापासून सुरुवात करणार होती. माझे एक काका बाहेर उदबत्ती घेऊन फटाक्यांपाशी उभे होते. त्यांना खिडकीतून नीट दिसत नव्हतं आणि धीरही नव्हता. आईने कात्री नुसती उघडली, तोच माळ लागली. धडाधडा आवाज झाला, आई दचकली आणि कात्री खणकन मिटली. रेशमाच्या ऐन मध्यावर, जिथे कापायचंच नव्हतं तिथे, बोटभर चीर पडली.

बाहेर अजून फटाके उडत होते. दुसरं कापड नव्हतं. बहिणीने माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर काळानिळा झाला. आईने चष्मा सारखा केला, त्या चिरेवर बोट फिरवलं, आणि खडूने घातलेल्या सगळ्या खुणा पदराने पुसून टाकल्या.

"पाठ हय येतली," ती म्हणाली, आणि त्या चिरेत कात्री घालून सरळ रेषेत खालपर्यंत सरसर कापत गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. काकांना कोणीतरी आत आणलं आणि सगळ्यांनी मिळून त्यांची यथेच्छ टर उडवली.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भाची साडो घालून माहेरी आली. पुढून तर तो मासिकातल्यासारखाच दिसत होता. मालवणचा फोटोग्राफर तिला माडाखाली उभी करून म्हणाला, "मॅडम, श्वास आत घ्या, कंबर छान दिसेल." भाचीच्या हातात कोंबडीच्या रशात बुडवलेला वडा होता.

"आजये," ती म्हणाली, "सैल कर गो जरा."

आई मागे गेली आणि नाडी सोडायला लागली. फोटोग्राफर म्हणाला, "आजी, तुम्ही जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय."

"ती हयच रवतली," भाची म्हणाली. "तू काढ फोटो."

त्याने नाराजीनेच काढला. तो फोटो आता पडवीत मशीनच्या वर लावला आहे. भाचीचा गाल वड्याने फुगलेला, साडोची कंबर ढिली, सोगा कुठेच उडत नाही. आणि तिच्या कमरेमागून, हातात नाडीची दोन्ही टोकं धरून, माझी आई कॅमेऱ्याकडे बघते आहे.