जिंकणारा भाऊ

मागच्या रविवारच्या कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, तुला इथे अमेरिकेत मत असतं तर तू कोणाला दिलं असतंस?" नेमकं तेवढ्यात तुमच्या आईला माझ्या गुडघ्यांची आठवण झाली, विषय गुडघ्यांवर गेला आणि तिथेच संपला. तुमच्या घरात निवडणुकीचं नाव निघालं की कोणाचे तरी गुडघे मध्ये येतात, हे माझ्या लक्षात आलेलं आहे. म्हणून उत्तर लिहून पाठवते. मराठीत लिहिते आहे, बाबांकडून वाचून घ्या. मी इंग्रजी शाळेत शिकले, नोकरीत सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत केला. पण इंग्रजीत मला फक्त तक्रार करता येते, टोमणा मारता येत नाही. आणि या विषयावर टोमण्याशिवाय लिहिणं मला जमणार नाही.

मी जुन्या वळणाची मतदार आहे. मतदानाच्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून रांगेत उभी राहते. कोणाला मत दिलं ते तुमच्या आजोबांना सांगत नाही आणि ते मला सांगत नाहीत. आमचा संसार टिकला त्यात याचा मोठा वाटा आहे. सरकारने कमी बोलावं, बेताने खर्च करावा, आणि जुनं काही मोडायच्या आधी ते कशासाठी बांधलं होतं हे कोणाला तरी विचारावं, एवढीच माझी अपेक्षा असते. तुमच्याकडे एक पक्ष स्वतःला असाच जुन्या वळणाचा म्हणवतो, हे कळल्यावर मी त्याच्याकडे आपलेपणाने पाहिलं. पक्षांची नावं मी घेत नाही. तुमच्याकडे त्यांना रंग असतात, तेच सोयीचं आहे. माझा लाल.

पहिली सभा टीव्हीवर पाहिली आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आमच्याकडे जुन्या वळणाचा माणूस म्हणजे आवाज खाली, वाक्य पूर्ण आणि स्वतःची स्तुती दुसऱ्याच्या तोंडून. इथे परंपरेचे राखणदार वरातीतल्या बँडसारखे वाजत होते. त्यांच्या विरुद्ध बाजूच्या निळ्यांचंही पाहिलं. अंड्यांचे भाव का वाढले असं विचारलं की ती मंडळी हसतमुखाने स्वतःच्या बालपणापासून सुरुवात करत, आणि वेळ संपेपर्यंत अंड्यापर्यंत पोचत नसत.

तरी मी लालच राहिले. त्याला कारण आहे. कागदांशिवाय आत शिरणाऱ्यांना अडवू, असं लाल म्हणत होते. तुमचे बाबा, म्हणजे माझा लेक, तिथल्या ग्रीन कार्डाच्या कागदांसाठी इतकी वर्षं रांगेत होते, की त्यांची आजी इथे वारली तेव्हा त्यांना येता आलं नाही. बाहेर पडले असते तर परत आत जाता येईल याची खात्री नव्हती. ते फोनवर रडले आणि मी इथून त्यांना रांग सोडू नकोस म्हणून सांगितलं. रांगेची एवढी किंमत मोजलेल्या बाईला रांग मोडणाऱ्यांचं कौतुक सांगू नये.

आता इथली परिस्थिती सांगते. तुमची निवडणूक त्याच महिन्यात आमच्याकडे विधानसभेची निवडणूक होती. आमच्या बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर तिचा पत्ता नव्हता. उमेदवाराची रिक्षा कर्णा लावून आली की लोक वैतागत, कारण तिच्या आवाजात पेनसिल्व्हेनियाचं काय होणार ते ऐकू येत नसे. ज्यांना आपल्या वॉर्डाची हद्द कुठे संपते ते सांगता आलं नसतं, ते तुमच्या राज्यांची नावं सासुरवाडीच्या गावांसारखी घेत होते. धायरीचे एक गृहस्थ लेकीकडे राहायला आले होते. त्यांची जमीन बिल्डरकडे गेली, नातू शिकायला तुमच्याकडे गेला. ते ऐकून ऐकून एकदा म्हणाले, "ह्यो हाय का त्यो हाय, मला काय करायचंय. व्हिसा देतोय का, तेवढं सांगा." सगळ्यांच्या मनातलं त्यांनी फुकट सांगून टाकलं होतं.

आणि आमच्या सोसायटीची लिफ्ट दसऱ्यापासून बंद होती. दुरुस्तीच्या कागदावर अध्यक्षांची सही लागते, आणि आधीचे अध्यक्ष मुलाकडे बंगलोरला गेल्यापासून ते पद घ्यायला कोणी तयार नव्हतं. अमेरिकेचा अध्यक्ष कोण व्हावा यावर मात्र प्रत्येक मजल्याचं मत तयार होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, हे पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

आता नारायण पेठेतले तुमचे मामाआजोबा, म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो निळा. त्याची लेक तिकडे निळ्यांसाठी दारोदार पत्रकं वाटते, त्यामुळे तो इथे खुर्चीत बसून थकतो. त्याची मतं मला लहानपणापासून पाठ आहेत. जगातल्या कोणत्याही भांडणात कोण हरणार आहे ते हेरून तो त्याच्या बाजूने उभा राहतो आणि मग इतिहास आपल्याला न्याय देईल म्हणतो. इतिहासाला इतका वेळ आहे असं मला वाटत नाही.

कोजागिरीला तो आणि त्याची बायको दरवर्षी आमच्याकडे येतात. गच्चीवर आटवलेलं दूध असतं. यंदा लिफ्ट नसल्यामुळे तो चढूनच तापलेला आला. पहिला पेला होईपर्यंत आम्ही सभ्यपणे बोललो.

"ताई, तू अजून त्या लालवाल्यांचंच धरून बसलीयेस?"

"मी कोणाला धरलेलं नाही. रांग म्हणजे रांग, एवढंच म्हणते."

"रांगेत उभे असतील त्यांनाच आधी हाकलतील ते. पत्ता त्यांचाच माहीत असतो ना."

हे त्याचं बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, "तुझ्या लोकांनी चार वर्षांत काय दिवे लावले ते सांग."

"दाजींना विचार. त्यांनाही तुझं पटत नाही." तो आजोबांकडे वळला. "काय हो दाजी?"

आजोबा म्हणाले, "मी दूध पितोय."

"बघ, ते सुद्धा बोलत नाहीत."

"ते चाळीस वर्षं बोललेले नाहीत," मी म्हटलं. "तू मात्र नेहमी हरणाऱ्याच्या बाजूने बोलतोस. ते तुझं तत्त्व नाही, सवय आहे तुझी."

त्याने पेला खाली ठेवला. केशर तळाशी तसंच राहिलं. शांतपणे म्हणाला, "ठीक आहे. मग भाऊबीजेला एखादा जिंकणारा भाऊ बोलाव." आणि बायकोला चप्पल घालायला सांगून जिना उतरू लागला.

तुम्हाला हे फार मोठं वाटणार नाही. पण माझं लग्न झाल्यापासून एकही भाऊबीज अशी गेली नाही, की तो माझ्या पाटावर बसला नाही. एक वर्ष पायाला प्लास्टर होतं, तेव्हा पाय स्टुलावर ठेवून बसला होता. आमचे आई-वडील गेले, मधला भाऊ गेला. मला 'ताई' म्हणणारं आता तेवढं एकच माणूस उरलं आहे. ते एका परक्या देशाच्या खुर्चीपायी जायला निघालं होतं, आणि त्या खुर्चीवर कोण बसणार हे ठरवायला आम्हा दोघांनाही कोणी बोलावलेलं नव्हतं.

मी फोन केला नाही. थोरल्या बहिणीने धाकट्या भावाला ये म्हणून विनवायचं नसतं. भाऊबीजेला बोलावणं लागत नाही, भाऊ आपणहून येतो. त्याने फोन केला नाही, कारण त्याच्या मते मी त्याला येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. फोन केला तो माझ्या भावजयीने, स्वयंपाकघरातून, दबक्या आवाजात.

"वन्सं, चिरोटे केलेत का हो?"

"केलेत."

"इथे मी केलेले खात नाहीयेत. पाकाचे झाले म्हणतात. दरवर्षी करते तसेच केलेत."

"मग कोणाकडचे हवेत म्हणे?"

"ते म्हणत नाहीत. लेकीशी अमेरिकेच्या नकाशावर बोलत बसतात. वन्सं, तुम्ही एकदा ये म्हणा ना."

"त्याचे पाय धड आहेत ना? मग येईल."

फोन ठेवल्यावर आजोबा पेपरमागून म्हणाले, "जिंकलीस." मी चिरोट्यांच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी सगळं नेहमीसारखं मांडलं. पाट, त्याभोवती रांगोळी, ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, माझी अंगठी. चिरोट्यांचा डबा शेजारी. पाट रिकामा ठेवून किती बघत बसायचं याला मर्यादा असते. आणि आपल्याकडे त्यावर व्यवस्था आहे. ज्या बाईला भाऊच नसेल, किंवा असून जवळ नसेल, तिने चंद्राला ओवाळावं. तुम्ही लहानपणी त्याला चांदोमामा म्हणायचात. तो मुलांचा मामा, म्हणजे सगळ्या आयांचा भाऊ. मला हा नियम नेहमीच आवडत आला. त्यात कोणाची विनवणी नाही.

फक्त बिजेचा चंद्र फार थांबत नाही. नखाच्या कोरीएवढा असतो आणि अंधार पडला न पडला तोच मावळायला टेकतो. मी पदर सारखा केला, ताट उचललं आणि गच्चीवर गेले. आजोबा मागून काठी घेऊन आले, मला वाटलं सोबतीला. वारज्याच्या इमारतींवर ती कोर दिसत होती. मी कुंकू-अक्षता त्या दिशेने वाहिल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, निरांजन ओवाळलं. चंद्राने ओवाळणी घातली नाही, पण अमेरिकेबद्दलही काही बोलला नाही. मला बरं वाटलं.

खाली आले तर फोन सारखा किणकिणत होता. तुमचे आजोबा, ज्यांनी आयुष्यात वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही पाठवलेलं नाही, त्यांनी माझा पाठमोरा फोटो काढून आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला होता. हातात ताट, समोर चंद्राची कोर. खाली लिहिलं होतं, 'जिंकणारा भाऊ सापडला.'

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"फोटो चांगला आलाय," ते म्हणाले.

तुम्ही दोघांनी त्यावर हसरे चेहरे पाठवलेत ते मी पाहिलं होतं. त्यात काय होतं ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून काही बोलले नाही. भाऊ धडधाकट असताना बहिणीने चंद्राला ओवाळणं म्हणजे काय, ते नारायण पेठेत एका माणसाला बरोबर कळलं. भावजयीने नंतर सांगितलं, तो नकाशा तसाच उघडा टाकून उठला, शर्टाची बटणं जिन्यात लावली, आणि रिक्षावाला कर्वेनगरला यायला कुरकुरला तर त्याला म्हणाला, "बहिणीने मला जिवंतपणी काढून टाकलंय, चल."

बेल वाजली. मी दार उघडलं. तीन जिने चढून आलेला माझा भाऊ चौकटीला धरून धापा टाकत उभा होता. अमेरिकेवर न थांबता बोलणाऱ्या माणसाला इतका वेळ गप्प मी प्रथमच पाहत होते, म्हणून मीही घाई केली नाही. त्याच्यामागे भावजय अर्ध्या जिन्यात बसली होती.

शेवटी तो म्हणाला, "मी जिवंत आहे."

"दिसतंय."

"मी असताना तू चंद्राला ओवाळलंस."

"तूच म्हणालास, जिंकणारा बोलाव. चंद्र कधी हरलेला ऐकलं नाही मी."

"कुठे आहे तो?"

"मावळला."

"बघ," तो म्हणाला, आणि आत येऊन सरळ पाटावर बसला. डोक्याला टोपी नव्हती. आजोबांनी कपाटातून स्वतःची आणून घातली. ती त्याला मोठी झाली, कानांवर आली. मी निरांजनात तूप घातलं. कुंकू लावताना त्याचं कपाळ घामाने ओलं होतं, ते नाकापर्यंत ओघळलं. मी ताट उचललं, तर म्हणाला, "नीट ओवाळ, चंद्राला काय घाईत उरकलंस का?"

मग चिरोटे. पहिला त्याने दोन घासांत संपवला. दुसऱ्याला त्याने आजोबांकडे पाहिलं.

"दाजी, हा फोटो तुमचा उद्योग."

"मी चिरोटा खातोय," आजोबा म्हणाले.

"या बिल्डिंगला अध्यक्ष मिळत नाही का एखादा? माणूस वर येईपर्यंत निकाल लागतो."

त्यावर भावजय म्हणाली, "दाजींनाच करा. ते बोलत नाहीत, कोणाला बालपण सांगत नाहीत, आणि फोटो एकच काढतात." आम्ही चौघंही हसलो. पुढच्या रविवारी सोसायटीच्या बैठकीत मी ते नाव सुचवलं, ते बिनविरोध निवडून आले आणि लिफ्ट सुरू झाली. त्या सगळ्या हंगामात माझ्या मनासारखी झालेली तेवढी एकच अध्यक्षीय निवडणूक.

तुमचा निकाल त्या बैठकीच्या आधीच, भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी आला, तेव्हा इथे सकाळ होती. आमच्यापैकी एक जिंकला आणि एक हरला, ते तुम्हाला माहीतच आहे. जिंकणाऱ्याने फोन करायचा नसतो आणि हरणाऱ्याला करवत नाही, म्हणून मी भाजी निवडत बसले. दुपारी फोन वाजला.

"ताई, चिरोटे उरलेत का?"

"आहेत थोडे."

"संध्याकाळी येतो."

"ये. लिफ्ट अजून बंद आहे."

"माहितीये," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. मी कोणाला मत दिलं असतं ते आजोबांना सुद्धा सांगितलं नसतं.