गावची लेक

हजार माणसं एका मंडपात बसवली तरी पहिला तासभर ती एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. शाहपूरचे शाहपूरवाल्यांजवळ, इच्छापूरचे इच्छापूरवाल्यांजवळ, कागद कारखान्याच्या वसाहतीतले आपापल्या शेजाऱ्यांजवळ, आणि आम्ही बुऱ्हाणपूरचे यजमानाच्या थाटात चहाच्या टेबलाजवळ. समाजाच्या स्नेहमेळाव्यात दर हिवाळ्यात हेच चालायचं. मग एका वर्षी कोणीतरी माझ्या हातात माईक दिला आणि तो मी अजून सोडलेला नाही. मी शाळेत शिकवते. गर्दी बघून लोकांना घाम फुटतो, मला चेव येतो.

माझे खेळ साधे असतात, कारण एवढ्या माणसांना नियम समजावत बसलं तर जेवणाची वेळ होते. आधी ‘केळी-कापूस’. केळी म्हटलं की उठायचं, कापूस म्हटलं की बसायचं. आहे ते तळ्यात-मळ्यातच, पण पीक आपलं असलं की म्हातारेही ईर्षेला पेटतात. मग ‘फणी’. मी ओरडते, “पाचची फणी!” की पाच-पाच जणांनी एकमेकांना धरून फणीतल्या केळ्यांसारखं चिकटून उभं राहायचं. मग सासऱ्याला बघून एरवी रस्ता बदलणारा जावई त्याचाच दंड धरतो. दहा मिनिटांत सगळा मंडप मोकळा होतो, आणि मला वाटतं की माणसांना जवळ आणणं ही काय मोठी गोष्ट आहे! गेल्या मेळाव्यात मला हे जरा जास्तच वाटत होतं.

तिसरा खेळ नवा होता. शेजारच्या पॉवरलूमवाल्यांकडून मी सुताचा एक मोठा कोन, म्हणजे शंकूसारखं रीळ, आणला होता. कोन ज्याच्या हातात येईल त्यानं दोरा धरून ठेवायचा, कोन दुसऱ्या कोणाला तरी द्यायचा आणि त्याच्याशी आपलं नातं काय ते माईकवर सांगायचं. “नातं कितीही लांबचं असलं तरी चालेल,” असं मी जाहीर केलं. आमच्याकडे कोणालाही कोणाशी नातं जोडता येतं, त्यामुळे खेळ अडायची भीती नव्हती. लोकांना वाटलं, नुसती गंमत आहे. खरं तर तो खेळ मी दोनच माणसांसाठी बसवला होता.

एक माझी आई आणि दुसरा तिचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा. बाबा कारखान्यातून निवृत्त झाले आणि पुढे वारले, तेव्हापासून आई माझ्याकडे असते. मामा इच्छापूरला, आपल्या केळीच्या बागांत. अर्ध्या तासाचा रस्ता, पण मामेबहिणीच्या लग्नापासून दोघांचं बोलणं बंद होतं. लग्नाला बहिणीला न्यायला माणूस पाठवायचा असतो, निदान घरी येऊन कुंकू लावून बोलवायचं असतं. मामानं घाईगर्दीत पत्रिका मोबाइलवर पाठवली. खाली लिहिलेलं, ‘यालाच प्रत्यक्ष भेट समजावे.’ आईनं ते दोनदा वाचलं आणि ती लग्नाला गेली नाही. बहीण लग्नाला आली नाही म्हणून मामा फुगला. दोघंही एका आईच्या पोटचे, त्यामुळे हट्टाला हट्ट बरोबरीचा होता. पुढे प्रत्येक आखाजीला, म्हणजे लेकीबाळी माहेरी जातात त्या अक्षय्य तृतीयेला, आई सकाळपासून ठेवणीतलं पातळ नेसून बसायची आणि दुपारी मुकाट्यानं बदलायची. मला ते बघवत नव्हतं.

मेळाव्याच्या सकाळी मी आईला बायकांच्या बाजूला पुढच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं. तिच्या मांडीवर तिची कापडी पिशवी होती. मी म्हटलं, “दे, ठेवते कुठंतरी.” तिनं ती घट्ट धरली. “राहू दे ना बाई, काय जड आहे का!” मी घाईत होते. पुढे विचारलंही नाही.

कोन फिरू लागला. साडू, व्याही, आतेसासू, चुलतदीराची मेहुणी, अशी नाती माईकवरून घुमत होती आणि पांढरा दोरा डोक्यांवरून मंडपभर विणला जात होता. तरुण पोरं मोबाइलवर शूटिंग करत होती. कोन इच्छापूरवाल्यांच्या रांगेत आला तेव्हा मी शिट्टी वाजवली. मीच कोन मामाच्या हातात दिला आणि म्हटलं, “आता नियम बदलला! पुरुषांकडून बायकांकडे. या मामा, या समोर.” त्याला हाताला धरून मी थेट आईच्या खुर्चीसमोर उभं केलं. मागे खुर्च्या सरकल्या. ज्यांना माहीत होतं ते गप्प झाले, ज्यांना माहीत नव्हतं ते टाळ्या वाजवत होते. मी माईक मामाच्या तोंडाशी धरला. मला वाटत होतं, आता जमलंच.

मामा आईकडे बघतच नव्हता. हातातल्या कोनाकडे बघून तो म्हणाला, “ह्या... आमच्या गावच्या लेक आहेत.”

टाळ्या पडल्या. पडणारच, उत्तर नियमात बसत होतं. गावची प्रत्येक पोर गावची लेक असते आणि लांबचं नातं चालेल असं मीच सांगितलं होतं. आईनं कोन घेतला, दोरा बोटाला गुंडाळला, शेजारच्या बाईकडे कोन दिला आणि माईकवर स्पष्ट आवाजात म्हणाली, “ह्यांची आजच ओळख झाली.” पुन्हा टाळ्या. मामा मात्र आपल्या जागेवर परत गेलाच नाही. पंगत बसायच्या आधी त्याची गाडी निघून गेली. जेवताना एक पोरगा मला सांगायला आला, “दीदी, एकदम मस्त गेम होता. अगले साल पण हाच ठेवू ना!” मी त्याच्यावर उगाच खेकसले.

घरी आल्यावर आईनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. आत सांजोऱ्या होत्या. आमच्याकडे त्या आखाजीला करतात, आणि मामाला त्या इतक्या आवडतात की लहानपणी तो पिठाच्या डब्यात लपवून ठेवायचा. आदल्या दिवशी मी शाळेत असताना तिनं त्या एकटीनं केल्या होत्या. पंगतीत त्याच्या शेजारी जाऊन बसायचं आणि काही न बोलता डबा उघडायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

“मला आधी का नाही सांगितलंस?” मी म्हटलं.

“सांगितलं असतं तर तू माईकवर सांगितलं असतंस,” ती म्हणाली. मग डबा माझ्याकडे सरकवला. “घे. तुझा खेळ छान झाला म्हणतात. हे तुझं बक्षीस.”

सांजोऱ्या चार दिवस टेबलावर होत्या. टाकवेना, खाववेना. शेवटी त्या शाळेत वाटल्या. सगळ्यांनी आईच्या हाताचं कौतुक केलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर आईनं मला एकच ताकीद दिली. “आता मध्ये पडू नको. त्याला यायचं असेल तर येईल. तू फोन करायचा नाही.” मी हो म्हटलं. तो हो मी उन्हाळ्यापर्यंत पाळला. मग आखाजी आली. आदल्या संध्याकाळी आई ओट्याशी तास न् तास उभी राहून पुन्हा सांजोऱ्या करत होती. कोणासाठी करतेस, असं विचारायची माझी हिंमत नव्हती. मी गच्चीवर गेले आणि मामाला फोन लावला.

आधी माफी मागितली.  मग मामा म्हणाला, “बेटा, तिथं बहीण म्हटलं असतं तर दहा जणांनी विचारलं असतं, मग भाचीच्या लग्नात कुठं होती? तिला विचारलं असतं, मला नाही. माईकवर ती काय सांगणार होती? जे सुचलं ते बोललो. घरी येऊन पोटभर रडलो.”

“मग उद्या तिला न्यायला या,” मी म्हटलं. “पण मी फोन केला हे सांगू नका.”

“म्हणजे हा पण तुझा खेळच ना, बेटा?” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आई ठेवणीतलं पातळ नेसली. ऊन चढायच्या आत फाटकाशी गाडी वाजली. खिडकीतून मामा दिसला, डोक्याला उपरणं, हातात केळीचा अख्खा घड. आईनं फाटकाकडे बघितलं, पण उठली नाही. आधी माझ्याकडे वळली.

“तू बोलावलंस का त्याला?”

“नाही गं,” मी म्हटलं. “मी कशाला बोलावू?”

तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. लगबगीनं तिनं डबा पिशवीत घातला, तिला चप्पल सापडेना, ती मीच पायाशी सरकवली. फाटकात दोघं काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मामानं फक्त तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि ती त्याला या वेळी तिनं दिली.

पंधरा दिवस राहून ती परत आली. आता जो येईल त्याला सांगत असते, “भाऊ आपणहून आला हो न्यायला. कोणी सांगितलं नाही, काही नाही. त्याच्याच मनात आलं.” मी शेजारी चहा गाळत असते. परवा येत्या मेळाव्यासाठी मंडळाचा फोन आला तेव्हा ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “घे की खेळ. पण माणसांना असं ओढून आणायचं नसतं बाई. बघितलंस ना, ज्याला यायचं असतं तो आपला आपण येतो.”

“हो आई,” मी म्हटलं.