जाग येईल ते गाव

बोर्डीच्या इराणी शेठची चिकूची वाडी २०१४ साली विकली गेली, तेव्हा शेठच्या मुलीने जुन्या माणसांना बोलावून एकेकाला विचारलं, "तने शुं जोइए?" तुला काय हवं? कोणी पाण्याची मोटर मागितली, कोणी सागाचं कपाट. एकाने तर जेवणघराचं दार चौकटीसकट काढून नेलं. शुक्राने आंब्याखाली पडलेल्या जुन्या मॅटाडोरकडे बोट दाखवलं.

शेठ गेल्यापासून त्या गाडीत कोंबड्या अंडी घालत होत्या. शेठची मुलगी हसली नाही, पण बाकीच्यांची हसून मुरकुंडी वळली. एवढी वर्षं वाडीत राबलेला माणूस, आणि मागून मागून मागितलं काय, तर खुराडं!

शुक्रा डहाणूजवळच्या कैनाड गावचा. शुक्रवारी जन्मला म्हणून शुक्रा, एवढ्यावर त्याच्या आईने नामकरण उरकलं होतं. पावसाळ्यात घरची भातशेती आणि एरवी बोर्डीची वाडी, असं त्याचं चाललेलं. हात गुणाचा. कारवीचा कूड विणून भिंत उभी करावी तर शुक्रानेच, हे पाड्यातल्या खाष्ट म्हाताऱ्याही कबूल करत. यंत्राशी मात्र त्याचा संबंध गाडी धुण्यापुरताच आलेला, आणि ती गाडी हीच.

शेठने ती मुंबईहून घरासारखी करून आणली होती. मागे पलंग, खिडक्यांना पडदे, चहापुरता ओटा, हात धुवायला टीचभर भांडं. थंडी पडली की शेठ आणि शेठाणी निघत. सापुतारा, द्वारका, कधी पार राजस्थान. परत आले की शुक्रा गाडी धुई आणि त्याची नवी नवरी तुळशी पडदे धुई. एकदा पडदे वाळत घालता घालता तुळशीने शेठाणीला विचारलं होतं, "यात निजला तं दुसऱ्याच गावात जाग येते का?"

"येते ना," शेठाणी म्हणाली होती. "डोळे उघडायचे, पडदा सारायचा, तर बाहेर कोणतं गाव हेच ठाऊक नसतं."

तुळशीच्या मनात ते जे बसलं ते बसलंच. तिने गावं पाहिली नव्हती असं नाही. माहेर तलासरीकडचं. चैत्रात महालक्ष्मीची जत्रा होती, भातकापणीनंतर वीटभट्टीच्या कामाला वसईपर्यंत जाणं होतं. पण त्या सगळ्या गावांना ती पायी, नाहीतर टेम्पोत उभ्याने, डोक्यावरचं गाठोडं सांभाळत टक्क जागी पोचली होती. आपण खुशाल झोपावं आणि गावाने आपल्याकडे चालत यावं, ही चैन तिला कोणी दाखवली नव्हती. शुक्राने तेव्हाच तिला सांगून टाकलं होतं, एक दिवस तुला या गाडीत निजवून नेतो. नव्या नवऱ्याने बोलायच्या गोष्टी असतात, तशी ती गोष्ट. पण शुक्रा ती विसरला नाही, हाच तर त्याच्यात खोट म्हणा की गुण म्हणा, होता.

ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी कैनाडला आणली आणि घरापुढच्या उताराखाली, मोकळ्या खळ्यावर उभी केली. तुळशीने नारळ फोडला. शेजारची नवशी कमरेवर हात ठेवून सगळं बघत होती. नवशीची जीभ म्हणजे कोयता. "बरा झाला," ती म्हणाली, "कोंबड्यांना घर झाला. आता मानसांचा बघा."

मग सुरू झाला तो नाद. भाताच्या दिवसांत शुक्रा गाडीकडे ढुंकून बघत नसे, पण दाणे घरात आले की तो आणि गाडी. विटेचा तुकडा रॉकेलमध्ये बुडवून त्याने गंज घासला. खिडक्यांच्या काचा सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून घट्ट बसवल्या. पलंगाचा सांगाडा उरला होता, तो बाजेसारखा सुतळीने विणला. डहाणूच्या बंदरावर होड्या रंगवून उरलेला निळा रंग तो मागून मागून आणी, त्यामुळे गाडीची एक बाजू गडद निळी आणि दुसरी जरा फिकी झाली. खालच्या कमानपाट्यांना, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांना, ग्रीस भरताना तो तासन् तास गाडीखाली उताणा पडलेला असे. नुसते पायच दिसत. नवशी त्या पायांशी बोले.

पडदे तुळशीच्या जुन्या लुगड्यांचे. एकदा शहरातली दोन पोरं मोटरसायकल थांबवून आली आणि म्हणाली, गाडीवर वारली चित्रं काढा ना, मस्त दिसेल. तुळशीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लगीन कोनाचा हाय?" तिने विचारलं. ती चित्रं लग्नघरच्या भिंतीवर काढायची असतात, हे पोरांच्या गावीही नव्हतं; ती मोटरसायकलला किक मारून निघून गेली.

आणि मग तळाचं प्रकरण झालं. नव्या घरात पाय ठेवायचा तर जमीन सारवलेली हवी, हे काय कोणी शिकवायला लागतं? शुक्रा एक दिवस डहाणू रोडला गेलेला असताना तुळशीने गाडीचा तळ माती घालून चोपला, शेणाने छान सारवला आणि उंबऱ्यावर तांदळाच्या पिठाची रेघ ओढली. शुक्रा आला, बघितलं आणि खूश झाला. लोखंडाला ओल चालत नाही हे त्यालाही सुचलं नाही. सुचणार कसं? आयुष्यभर दोघांनी जमीन सारवलीच होती. दर आठवड्याला तुळशी हौसेने हात फिरवी. पाऊस संपायच्या आत एक दिवस शुक्राचा पाय पलंगाजवळून जो आरपार गेला, तो थेट खळ्यावर टेकला. आधी दोघं एकमेकांवर ओरडली. मग तुळशीला त्याचा गाडीतून उगवलेला पाय दिसला आणि ती हसत सुटली. डांबराची रिकामी पिंपं कापून, ठोकून सपाट करून नवा तळ बसवेपर्यंत पुढचा उन्हाळा उजाडला.

खरी गोष्ट पुढेच आहे. चारोटीच्या एका मेकॅनिकने दोन-तीनदा येऊन, इकडचं तिकडचं जोडून, २०१६च्या थंडीत इंजिन चालू करून दिलं. गाडी धडधडली. सगळा पाडा गोळा झाला, नवशीसुद्धा. मेकॅनिक पैसे घेऊन गेला आणि शुक्रा मात्र इंजिन बंद करेना. त्याला तो आवाज ऐकतच राहावंसा वाटला. अर्धा तास, पाऊण तास. मग पुढून वाफ येऊ लागली, तेव्हा त्याने जे केलं ते मायेनेच केलं. नांगर ओढून तापलेल्या बैलाच्या अंगावर आपण पाणी मारतो ना, तशी त्याने विहिरीच्या गार पाण्याची कळशी इंजिनावर ओतली. ठण्ण आवाज झाला. इंजिन थांबलं.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच चारोटीला गेला आणि मेकॅनिकला घेऊन आला. मेकॅनिकने टॉर्च मारून बघितलं आणि हात टेकले. "ब्लॉकला चीर गेली रे. आता हे भंगार. असलं इंजिन मिळणार नाही कुठे, मिळालं तरी तुला जमणार नाही." तुळशी तेव्हा रानात फाटी आणायला गेली होती. संध्याकाळी तिने विचारलं, काय बोलला? शुक्राने तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "पार्ट यायचाय."

तो पार्ट मग येतच राहिला. दिवाळी झाली की येणार होता, होळीला येणार होता. मुंबईहून निघाला होता, वाटेत होता. शुक्राने ताकास तूर लागू दिली नाही. पण खोटं सांभाळायला फार जपावं लागतं, आणि त्या सगळ्या जपण्याचं त्याने गाडीत काम करून टाकलं. ओट्याला फळी बसवली, कपांना खुंट्या केल्या, पलंगाशी आरसा लावला. गाडी दर वर्षी सुंदर होत गेली आणि शुक्राचा जीव दर वर्षी थोडा खाली गेला. चिरीतून तेल ठिबके, त्याखाली एक पत्र्याचा डबा असे. तो आपणच कधीतरी ठेवला असं त्याला वाटे.

तुळशी दुपारी गाडीत बसून तांदूळ निवडी, पण आडवी होत नसे. "निजेन ती गाडी सुटल तवाच," ती म्हणे. "उगाच निजून याच गावात जाग आली तं काय मजा?" हे ऐकलं की शुक्रा उठून बाहेर जाई.

२०१८ची दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली. धुंदलवाडीकडून, तलासरीकडून बातम्या आल्या, आणि मग कैनाडलाही भांडी वाजू लागली. आधी जमिनीच्या पोटातून गुडगुड येई, डोंगरात कोणी सुरुंग लावल्यासारखी, आणि मग धक्का. कधी दिवसातून दोन, कधी आठवडाभर काही नाही, आणि ते काही नाहीच जास्त वाईट. माणसं आडवी होत पण झोपत नसत. शुक्राचं घर आता कुडाचं राहिलं नव्हतं, सिमेंटचं झालं होतं, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीला चीर पडली होती. तुळशी रात्रभर त्या चिरीकडे बघत बसे. महिना, दोन महिने. तिचे डोळे खोल गेले, आणि जानेवारी संपता संपता तिला ताप भरला.

त्या दुपारी शुक्रा तिला म्हणाला, "चल, गाडीत पड जरा. तिला भिंत नाय, पडायचा भ्याव नाय."

"सुटल तवाच," ती पुटपुटली, पण तिच्यात भांडायचं बळ नव्हतं. त्याने तिला हाताला धरून उताराखाली नेलं. सुतळीच्या पलंगावर टेकली आणि गाढ झोपली, एवढी गाढ की शुक्राने दोनदा नाकाशी बोटं धरून बघितलं. मग तो दाराच्या पायरीवर बसला. लुगड्याच्या पडद्यांतून आत लालसर उजेड पडला होता. कापलेल्या भाताच्या धसकटांवर ऊन पसरलं होतं आणि कुठेच काही हलत नव्हतं.

आणि गुडगुड आली. या वेळी ती थांबेना. खळं उचललं गेलं, बाजूला सरकलं. गाडी आपल्या कमानपाट्यांवर डुलायला लागली, पुढे मागे, पुढे मागे, वाटेला लागल्यासारखी. खुंट्यांवरचे कप किणकिणले, पडदे हलले, आरशात झाडं पळाली. शुक्राने दाराची चौकट घट्ट धरली.

आतून, डोळे मिटलेलेच ठेवून, तुळशीने विचारलं, "सुटली?"

"सुटली," तो म्हणाला. "नीज तू."

ती कुशीवर वळली.

धक्का थांबला तेव्हा वर पाड्यात आरडाओरडा होता. दोन घरांच्या भिंती पडल्या होत्या. सुदैवाने माणसं बाहेर होती. पाचावर धारण बसलेले सगळे जण बाजा, पोरं, कोंबड्या उचलून मोकळ्या जागी, म्हणजे शुक्राच्या खळ्यावरच धावत आले. शुक्रा हात पसरून त्यांच्या समोर उभा राहिला. "हळू," तो म्हणाला. "हळू बोला. तुळशी निजलीय."

कोणाला वाटलं असतं की अशा वेळी त्याला शिव्या बसतील. पण दोन महिन्यांत त्या पाड्यात कोणी झोपलं नव्हतं. कोणीतरी झोपलंय हे ऐकून नवशी एकदम थांबली. ती खिडकीशी गेली, पडदा बोटभर सारून आत बघून आली, आणि मागे वळून तिने रडणाऱ्या पोरांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. मग सगळा पाडा कुजबुजत वसू लागला. बांबू रोवले ते हळू ठोकून. ताडपत्र्या ताणल्या. तीन दगडांच्या चुली मांडल्या. कुजबुजता कुजबुजता माणसांची धडधड कमी झाली. ज्याचं घर खाली होतं तो वर बसला, भांडलेले शेजारी झाले, नवशीची चूल गाडीच्या अगदी तोंडाशी आली. ऊन उतरलं, चुली पेटल्या.

दिवेलागणीला पडदा हलला. तुळशी खिडकीतून बघत होती. निळ्या ताडपत्र्यांची रांग, धूर, अंधारात न ओळखू येणारी माणसं. ताप उतरला होता आणि तिचे डोळे मोठे झाले होते.

"कोनता गाव हा?" तिने विचारलं.

शुक्रा आत गेला आणि तिच्या पायाशी बसला. आता खोटं बोलवेना. "तुळशी," तो म्हणाला, "इंजिन फुटलाय. मीच फोडला. पार्ट बिर्ट काय नाय यायचा. गाडी कदी सुटायची नाय."

"ता माला तवाच ठाव हाय," ती खिडकीतून नजर न काढता म्हणाली. "तेलाखाली डबा कोनी ठेवला? सोड ता. गाव बघू दे."

शुक्राला रडू फुटलं. दोन वर्षांचं रडू होतं, त्याने ते आवरलं नाही. तुळशीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, उठली, आरशात बघून केस बांधले, पदर डोक्यावर घेतला आणि पायरी उतरली. परक्या गावात उतरल्यासारखी ती जरा थबकली आणि मग पहिल्या चुलीशी गेली. तिथे नवशी बसली होती.

"बाय," तुळशी म्हणाली, "हा गाव कोनता?"

नवशीने तिच्याकडे बघितलं. मग दारात डोळे पुसत उभ्या असलेल्या शुक्राकडे बघितलं. जिभेवर आलेलं काहीतरी तिने गिळलं, सरकून जागा केली आणि चहाचं भांडं चुलीवर ठेवलं.

"बस पाव्हने," ती म्हणाली. "कुठून आलीस?"

"कैनाडवरून," तुळशी म्हणाली. "लय लांब हाय. निजून आलू, म्हनून कळला नाय."