आभारपत्रावरची सही

"लाळ पुसा की हो तिची. फोटोत दिसायलीय."

खुर्च्या वाटायला परभणीच्या सरकारी कचेरीतून आलेले साहेब मला म्हणाले. माईक त्यांनी बाजूला धरला होता, तरी मांडवातल्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. कुणीतरी हसलं. माझी रेणू चाकाच्या नव्या खुर्चीत बसलेली. नऊ वर्षांची. गळ्यात झेंडूचा हार, मान एका अंगाला. मी पदरानं तिचं तोंड पुसलं. घाईघाईत, जोरात. तिचा ओठ लाल झाला. मग फोटो निघाला. त्यात मी हात जोडून उभी आहे. हसतेय.

नंतर रेणू जाते त्या केंद्राच्या ताईंनी एक कागद पुढं केला. छापील आभारपत्र. खाली माझी सही. मी न वाचता केली. सातवीतून शाळा सुटलेल्या बाईला कुणी सही मागितली की तिला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं.

माझं गाव किनवटच्या पलीकडं, डोंगरात. रेणू जन्मली तेव्हा रडली नाही. लय उशिरानं रडली. तेवढ्या वेळात डोक्याला इजा झाली ती कायमची. तीन वर्षांची झाली तरी मान धरेना. मग कळलं, पूर्णेला असल्या लेकरांचं केंद्र आहे, दिवसभर सांभाळतात, व्यायाम देतात. रेल्वेत बसलो. नवरा पोचवायला आला आणि परत गेला. परतच गेला.

ताईंनी खोली बघून दिली. केंद्रातच मदतनीस म्हणून ठेवलं. लेकरांना भरवायचं, धुवायचं, उचलायचं. मला इतके उपकार वाटायचे की तिथला चहासुद्धा मी उभ्यानं प्यायचे. आणि सारखी धाकधूक. कुणी रागावलं, काढून टाकलं, तर हिला घेऊन कुठं जाऊ.

व्यायामाच्या मॅडम परभणीहून यायच्या, आठवड्यातून दोनदा. रेणूचे गुडघे हळूहळू चोळून सरळ करायच्या. दीड वर्षानं त्यांनी तिला लाकडी चौकटीत पट्टे बांधून उभं केलं. खिडकीपाशी. आमच्या खिडकीतून जंक्शनात शिरणाऱ्या गाड्या दिसतात, पण खिडकी उंचावर आहे. बसलं तर नुसतं आभाळ. उभं राहिलं तर गाडी. रेणूनं बघितली आणि म्हणाली, "झुक."

तिचा पहिला शब्द. मॅडम रडल्या, मी रडले. रेणू आमच्याकडं बघतच नव्हती.

मग अनुदान थांबलं. शासनाकडून येतं ते. मॅडमचा पगार त्यातूनच निघायचा. काही महिने त्या तशाच आल्या. शेवटी माझा हात धरून म्हणाल्या, "माझंबी घर हाय गं. नाराज नको होऊ." मी त्यांच्यावर कशाची नाराज होते.

त्या गेल्यावर मी चोळायचे, त्या चोळायच्या तसं. पण माझ्या हाताला ती जाण नाही. एकदा जोर जास्त लागला, रेणू किंचाळली. त्यानंतर मी भिऊन कमी चोळलं. पुढं पुढं पट्टे बांधले तरी पाय सरळ होईनात. चौकट कोपऱ्यात गेली. तिच्यावर आता फडकी वाळत असतात.

खुर्ची मिळाल्यावर थोड्या महिन्यांनी ताई मला आणि रेणूला घेऊन परभणीच्या कचेरीत गेल्या. साहेब तेच. ताईंनी अर्ज ठेवला, मॅडमचा पगार चालू करा म्हणून. साहेबांनी एक फाइल काढली आणि माझ्याकडं सरकवली.

"वाचा बाई. तुमचीच सही ना?"

तेव्हा मी ते पहिल्यांदा वाचलं. शासनाच्या मदतीमुळे माझ्या मुलीच्या सर्व गरजा पूर्ण झाल्या असून आमची कोणतीही मागणी शिल्लक नाही.

"खुर्ची दिली. समाधान झालं म्हणून लिहूनबी दिलं तुमी. आता उभं राहून काय करायचंय हिला? कवायत?"

शिपाई हसला. आणि मी काय म्हणाले?

"न्हाई साहेब. तुमचे लय उपकार हायेत."

तोंडातून आलंच ते. सवय.

बसमध्ये ताई माझ्या शेजारी बसल्या. तो छापील कागद वरून आला होता, पण माझ्यापुढं त्यांनीच धरला होता. ताडकळस गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "मी तरी वाचायला पायजे होतं."

पुढच्या वर्षी पुन्हा मांडव. पुन्हा खुर्च्या, पुन्हा साहेब. शेवटी आभार माझ्याकडं. आईनं मानले की लोकांचे डोळे भरतात, म्हणून. त्या सकाळी रेणूला खिडकीखाली बसवून मी तिचे केस विंचरत होते. गाडीची शिट्टी झाली. तिनं मान वर केली. आभाळ. मग माझ्याकडं बघितलं. झुक म्हणालीच नाही. मान खाली घातली.

मी फणी हातात धरून बसून राहिले.

माईकपाशी गेले तेव्हा रेणूची खुर्ची शेजारीच होती. साहेबांनी बोटानं खूण केली, तिच्या तोंडाकडं. पुसा. मी पुसलं नाही. 

"आभार न्हाई मानत मी," म्हणाले. "मागच्या वर्षी मानले, ते तुमी फायलीत लावले. माझी पोर उभी राहत व्हती. खुर्ची एकदा देऊन भागत न्हाई साहेब, पाय रोज आखडतेत. मॅडमचा पगार सरकारनं द्यावा. दर महिन्याला. मधी न थांबवता."

साहेब ताईंकडं वळले. "कुणी पढवलं हिला?"

ताई उठल्या. मला वाटलं, संपलं. काम गेलं, खोली गेली. त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "कुणी न्हाई," म्हणाल्या.

मॅडम अजून आलेल्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, रेणूचे गुडघे आता सरळ व्हायचे नाहीत. तिची गाडी गेली. माझी सही त्या कागदावर होती, हे मी गावाकडं कुणाला सांगितलेलं नाही. इथं लिहिलं.

दर महिन्याला मी रेणूला आणि अर्ज घेऊन कचेरीत जाते. अर्ज माझ्या हातचा, चुका असतील तशा. सोबत पोखर्णीची एक आई असते. तिचं पोरगं दोन वर्षांचं आहे, त्याचे गुडघे अजून मऊ आहेत. भीती गेलेली नाही. तरी साहेबांच्या टेबलासमोर आम्ही उभ्या राहतो. मॅडम येईपर्यंत माझी सही कुठल्याही आभारपत्रावर मिळणार नाही.

रेणूची लाळ मी पुसते. तिची हनुवटी गार पडते म्हणून. त्या टेबलासमोर मात्र पुसत नाही. पडू दे टेबलावर. फायलीवर पडू दे.