निळा दोरा, एक गाठ

मिरचीचं बी घेताना तुम्ही काय बघता? पाकिटावरचं चित्र? मग फसलात तर रडत माझ्याकडे येऊ नका.

आमच्या बाजारात काकू बी विकायची. चित्र नाही, काही नाही. कागदाची पुडी, वर दोरा. दोऱ्याचा रंग दरवर्षी वेगळा, म्हणजे बी कोणत्या सालचं ते कळावं. सौम्य वाणाला एक गाठ, तिखटाला दोन. दोन्ही मिरच्या लांब, लाल, सुरकुतलेल्या, सख्ख्या बहिणी. मी नेहमी चुकायचो. काकू देठाची हिरवी टोपी नाकासमोर धरायची.

"टोपी बघ. गरीब बाईची खांद्यापर्यंत ओढलेली. तापट बाईची नुसती वर ठेवलेली, तुझ्या अकलेसारखी."

सौम्य वाण तिच्या सासूकडून आलेला. दुसरीकडे मिळत नाही. मी दुकानादुकानांत भांडून खात्री केली आहे. तो राखायचा म्हणजे कळी उमलायच्या आधी तिच्यावर पातळ कापडाची पिशवी बांधायची. नाहीतर मधमाशी शेजारणीचा पराग आणून टाकते. पिशवीत धरलेलं फळ तेवढंच बियाण्याचं.

एका वर्षी ऐन फुलोऱ्यात काका अंथरुणाला खिळले. काकू त्यांच्यापाशी इस्पितळात. पिशव्या खुंटीवरच राहिल्या. काका गेले. काकू परत आली तेव्हा मिरच्या पिकल्या होत्या. तिने एक चावून बघितली. सौम्यच. "चव तीच आहे," म्हणाली, आणि नवं बी जुन्याच बरणीत ओतलं. त्या वर्षी फळ आईसारखंच लागतं, बाप कोण ते पुढच्या पिकात कळतं, हे मला शिकवणारी बाई!

पुढच्या मोसमात खानावळवालीने काकूच्या बियांवर पिकवलेल्या मिरच्यांची टोपली गाळ्यावर आदळली.

"काकू, माझ्याकडे दात पडलेली माणसं जेवतात. काल एका आजोबांना पाणी पाजता पाजता माझी दमछाक झाली. हीच का तुझी गरीब बाई? एक झाड गोगलगाय, शेजारचं वाघीण!"

काकूने एकेक मिरची उचलून देठावरून बोट फिरवलं. कितीतरी टोप्या धड ओढलेल्या नव्हत्या, धड ठेवलेल्याही नव्हत्या.

"पिशव्या बांधल्या नव्हत्या गं."

"मग तेव्हाच सांगायचंस की!"

"तेव्हा हे गेले होते."

खानावळवाली टोपली तिथेच ठेवून गेली.

मी म्हटलं, "बरणीतलं जुनं बी निवडून काढू."

"कशावरून निवडणार? बीला टोपी असते का?"

माझं डोकं फिरलं. "मग वीक तसंच! बाकीचे काय सोनं विकतात?"

"त्यांच्या पाकिटाची हमी चित्र देतं. माझ्या पुडीची मी देत होते."

बरणी तिने चुलीत रिकामी केली. दोघंही खोकत होतो की रडत होतो, मला आणि तिला दोघांनाही कळलं नाही.

आता ती खानावळीत भाजी निवडते. गाळ्यावर प्लास्टिकची फुलं विकायला आहेत. मधमाशी तिकडे फिरकत नाही.

काका आजारी पडायच्या आदल्या वर्षीचा, म्हणजे पिशवीत धरलेल्या शेवटच्या बियांचा, दोरा निळा होता. मिरचीचं बी पुडीत फार काळ जगत नाही. तीन-चार वर्षांत उगवणं सोडतं. म्हणून सांगतो, आजच उठा. डबे, खण, जुन्या पिशव्या उलट्या करा. निळा दोरा आणि एकच गाठ दिसली, तर आत चारच बिया असल्या तरी पेरू नका. खानावळीच्या मागच्या दाराशी काकू बसलेली असते. पुडी न सोडता तिच्या हातात द्या.